एकाच सालची माणसं

२६ डिसेंबर
शिरपूरचं लग्न आटोपून परत. वरणबट्टी छान, बाकी सगळा गोंधळ. येताना एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. नरडाणा फाट्यावर गाडी थांबली, समोर भला मोठा फ्लेक्स. त्यावर शाहीर झुलाल आबा! तोच फेटा, हातात तोच डफ, चारही बाजूंनी फुलं. खाली ठळक अक्षरात ‘गंधमुक्ती’. पुढचं वाचेपर्यंत गाडी हलली.

गंधमुक्ती म्हणजे माणूस जाऊन दहा-बारा दिवस झालेसुद्धा, आणि मला पत्ता नाही. धुळ्यापर्यंत रडले. शेजारची बाई विचारते, कोण होते तुमचे? म्हटलं, कोणी नाही. असं का म्हणाले कोण जाणे.

२७ डिसेंबर
वाचनालयात गेले. पिंप्राळ्यातली सगळी शहाणी माणसं थंडीमुळे घरी, मी आणि पाटील सर तेवढे हजर. सर आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, अजूनही बोलताना हवेत खडू धरतात. दर ३१ डिसेंबरला आमच्याकडे त्या वर्षी गेलेल्या मोठ्या माणसांची आठवण काढतात. एकेकाचं नाव घ्यायचं, दोन-चार वाक्यं वाचायची, एक पणती लावायची. वाचायचं काम माझं. टेलिफोन खात्यात जन्म गेला, आवाज अजून खणखणीत आहे म्हणतात.

यंदाचे: मुंबईच्या गायिका, हॉकीवाले, दुर्बीणवाले शास्त्रज्ञ, नाटकवाल्या बाई, हृदयाचे डॉक्टर, केळीच्या रोपांवर आयुष्य घालवलेले ते कृषिवाले. (माझ्यासाठी ही अशीच नावं. खरी नावं कागदावर, नाहीतर गायिकेला हॉकी खेळायला लावेन.)

सरांना म्हटलं, झुलाल आबांना घेऊ या. सर म्हणाले, “आपल्या मातीतलं कोणीच नव्हतं यादीत. घ्या, शेवटची पणती त्यांची.” मला फार बरं वाटलं. माणूस गेल्याचं दुःख आणि यादीत बसल्याचा आनंद, दोन्ही एकदम. हे काय आहे?

२९ डिसेंबर
आबांवर लिहायला बसले. चार वाक्यांत कसं मावणार? माझ्या माहेरी दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ते वही म्हणजे डफावरची गाणी गायला यायचे. साथीला डफावर साक्रीचे दगा भाऊ. आम्ही पोरी झोक्यावर. आबा गाता गाता समोर दिसेल तिचं नाव गाण्यात गोवायचे. बारा वर्षांची असेन, एकदा माझं गोवलं. सुमनचा झोका आभाळाला लागला, सासर दिसलं आणि खाली आला, असं काहीतरी. सगळा गाव वळून बघायला लागला. मी लाजून झोक्यावरून पडले.

त्यानंतर चारचौघांत माझं नाव असं कोणी घेतलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात मला ‘सुशीलाताई’ म्हणाले होते, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या ह्यांना वाचायला दिलं, तर म्हणाले, “यात तुझंच जास्त आहे.” झोका काढला. मग काहीच उरेना. परत घातला.

३१ डिसेंबर
कार्यक्रम चांगला झाला. गायिकेच्या वेळी सगळे गंभीर, हॉकीवाल्यांच्या वेळी मागच्या रांगेत भरीत पार्टीचं ठरत होतं. आबांचं वाचायला लागले आणि सगळे चूप. शेवटी दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. पेपरवाला येऊन फोटो घेऊन गेला. त्यांची पणती मीच लावली. वाऱ्याने विझली, परत लावली.

२ जानेवारी
अरे देवा.

पेपरात बातमी आली. आबांचं नाव मथळ्यात. मी कात्रण कापत होते आणि फोन वाजला. नरडाण्याकडच्या त्यांच्या गावातून, बाईचा आवाज. “अक्का, मी रंजना, झुलाल आबानी सून. तुम्हीन पेपरमा काय छापं? आमना आबा जित्ता शेतस. आते भाकर खाई राहिनात.”

मी म्हटलं, “अहो, पण फ्लेक्स...”

“कसाना फ्लेक्स? सकायपाईन लोके दारवर यी राहिनात. मी काय सांगू त्यास्ले?”

हातातली कात्री खाली ठेवली. मग परत उचलली. ह्यांना संध्याकाळी सांगितलं.

३ जानेवारी
फ्लेक्सचा उलगडा झाला. ह्यांनी शिरपूरच्या मेहुण्याकडून काढलं. गेले ते तिथल्या एका मोठ्या बागायतदाराचे वडील. गंधमुक्तीला आबांचं भजन ठेवलं होतं. आबांचं नाव बघून लोक येतील म्हणून त्यांचा फोटो एवढा मोठा, आणि जे खरोखर गेले ते खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढे. हे हसून हसून लाल. “मेलेला कोपऱ्यात आणि गाणारा फुलांत! यात तुझी काय चूक?”

चूक आहेच. जन्मभर लोकांना फोन जोडून दिले आणि स्वतः एक फोन केला नाही.

पाटील सरांना कळवलं. आधी म्हणाले, “वाचनालयाच्या इतिहासात असं घडलं नव्हतं.” मग म्हणाले, “दुरुस्ती छापावी लागेल. तुम्ही आधी जाऊन माफी मागून या.”

५ जानेवारी
जाऊन आलो. निघताना आमचं भांडण झालं ते शालीवरून. हे म्हणाले, शाल-नारळ घे, माफी मागायची तर सत्कार करून मागू. मी म्हटलं, लोक तिथे दारवर, म्हणजे सांत्वनाला, येतायत. दुःखाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं असतं, आपण शाल घेऊन कुठे जायचं? हे म्हणाले, “दुःख कसलं? माणूस जेवतोय ना?” तेही खरं. शेवटी शाल पिशवीच्या तळाशी, वर स्वेटर.

अंगणात ताडपत्री अंथरलेली. पुरुष टोप्या काढून मुकाट बसलेले. तेवढ्यात शेजारच्या गावच्या बाया रांगेने आल्या, डोक्यावरून पदर ओढून, दारातच हेल काढून रडू लागल्या. आणि समोर खाटेवर आबा स्वतः! पायावर गोधडी, हातात चहाची बशी. त्या बायांना म्हणतात, “रडी ल्या, बाई. इतल्या लांबथीन उन्यात.”

एकीने पदर वर करून बघितलं आणि किंचाळली.

मी पाया पडले, सांगितलं, ती मीच. रागावतील वाटलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही, झोका वगैरे काही आठवलं नाही. म्हणाले, “काय वाचं तू? माले बी वाची दखाड.”

कागद पर्समध्येच होता. वाचला. वाचून झाल्यावर आबांनी विचारलं, “मन्हा पहिले कोन व्हतं?” मी सगळे सांगितले. गायिका, हॉकी, दुर्बीण, नाटक, डॉक्टर, केळी. मुंबईच्या गायिकेचं नाव ऐकून त्यांनी बशी खाली ठेवली. “तिन्हा संगे मन्हं नाव?” म्हटलं, हो, एकाच ओळीत पणत्या होत्या.

बशी परत उचलून उरलेला चहा संपवला.

मग मी दुरुस्तीचं बोलले. तर हात झटकला, आता कुठे लोक यायला लागलेत म्हणाले. “काही छापू नको. जित्ता व्हतू तवय कोनी उना नही. मरना आयकं ते बठ्ठा उनात. तठे देख, कोन बठेल शे.” खांबाला टेकून एक म्हातारा बसला होता. दगा भाऊ! साक्रीहून आलेले. दोघांचं कित्येक वर्षांपासून बोलणं बंद होतं, कोणाचं नाव पत्रिकेत आधी छापायचं यावरून. ते दारवर रडायला आले, आबांना खाटेवर बघून आधी शिव्या दिल्या आणि मग मुक्काम ठोकला.

निघताना रंजना दाराबाहेर येऊन हळूच म्हणाली, “अक्का, त्यास्नं आयकू नका. जित्ता मानूसनं नाव दिवा लाईसन घेतं तुम्हीन. माले रात-दिन धाक लागस. छापा, जित्ता शेतस म्हनीसन.” तिचे डोळे भरले होते. सासूच्या मागे हा म्हातारा तिने एकटीने सांभाळलाय.

शाल पिशवीतच राहिली. कोणाचं ऐकू?

९ जानेवारी
हे म्हणतात, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, ही जुनी गोष्ट आहे, तू पुण्यच केलंस. रंजनाला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “वाढनं ते बरं. पन छापा.”

सर म्हणतात छापा. आबा म्हणतात नको. ज्याचं मरण त्याचं मत पहिलं की नाही? पण मग ती बाई... नुसतं डोकं गरगरतं. आज भाजीत दोनदा मीठ घातलं.

२१ जानेवारी
सरांनी शेवटी परस्पर दुरुस्ती छापून आणली. दोन ओळी, पाणीपुरवठा बंदच्या निवेदनाखाली. ‘शाहीर झुलाल आबा हयात असून अनवधानाने...’ कोणीही वाचली नाही. मी चार घरी विचारलं. पाणी येणार नाही हे मात्र सगळ्यांना ठाऊक.

कोणी वाचली नाही याचं मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

१४ फेब्रुवारी
आबांचा फोन, रंजनाच्या मोबाइलवरून. तक्रार करतील वाटलं. तर विचारतात, तो हाकीवाला काय करे? सांगितलं, गोलकीपर होते, गोल अडवायचे. आबा खूश. “मंग तो बी आमना मायक दारवरच बठे!” मग नाटकवाल्या बाईंचं लग्न झालं होतं का, केळीवाल्याने कोणती केळी काढली, दुर्बीणवाल्याला रात्री झोप कधी मिळायची. मला निम्मं ठाऊक नव्हतं. लाजेकाजेस्तव चार वाक्यं वाचली होती, माणसांची चौकशी कुठे केली होती?

उद्या वाचनालयात जाऊन बघते.

३ मार्च
आता दर आठवड्याला फोन. मी वाचून ठेवते, आबा विचारतात. डॉक्टर लहानपणी गुरं राखायचे हे ऐकून त्यांना फार आनंद झाला. नाटकवाल्या बाई प्रयोगाआधी भाकरीचा तुकडा खाऊन मगच रंगमंचावर जायच्या, हे मी एका जुन्या अंकात शोधलं. आबा म्हणाले, “ती मन्ही बहीन व्हयी.”

मी विचारलं, हे सगळं कशाला हवंय? सांगेनात. मागे डफ वाजत होता. दगा भाऊ साक्रीला गेलेच नाहीत वाटतं.

२० मार्च
भाजीबाजारात वांगी घेताना भाजीवाली म्हणते, “अक्का, आयकं का? झुलाल आबा गया.” मी म्हटलं, हो का? आणि अर्धा किलो भरताची वांगी घेऊन सरळ चालू लागले. घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत होते. बाईला खरं सांगायला काय झालं होतं मला? आबांचा कालच फोन आला होता.

आखाजी
आबांनी बोलावलं म्हणून त्यांच्याच घरी. ऊन असं की एस.टी.च्या दांडीला हात लावता येईना. रंजनाने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, आमरस, सांजोऱ्या. मातीची घागर भरून वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं. मग उंबऱ्याशी बसून ती घरच्या पितरांची नावं घ्यायला लागली, एकेका नावाला कुंकवाचं एकेक बोट. सासू, आजेसासरे, चुलतसासरे. मी श्वास रोखून. ती आबांकडे न बघता उठली.

तर आबाच उंबऱ्यापाशी येऊन बसले आणि कुंकवात बोट बुडवलं. रंजना ओरडली, “आबा, तुम्हनं नाव लेशात ते मी आठे ऱ्हानार नही!”

“मन्हं कोन ली राहिना?” म्हणाले, आणि एकेक बोट ओढू लागले. ती मुंबईनी गानारी. हाकीवाला. दुर्बीनवाला. नाटकवाली बाई. डाक्टर. केळीवाला. खरी नावंसुद्धा घेतली, एकही चुकलं नाही. मी मात्र अजून कागद बघते.

रंजना म्हणाली, “घरना पितर उपाशी ऱ्हातीन आनि हाकीवाला जेवी जाई.”

“जेवू दे ना. ह्या बठ्ठा मन्हा संगेना शेतस. एकच सालना गयेल शेतस.”

मी दाराआड जाऊन रडले. का ते नीट सांगता येत नाही. वाचनालयातल्या पणत्यांना एवढी वर्षं मी मान देत आले, पण आपलं म्हणून कोणाला जेवायला घातलं नव्हतं.

संध्याकाळी पारावर वही. ‘मेलेले आबा गातात’ अशी बातमी फुटली होती, धुळ्याहून लोक मोटारी करून आलेले. आबांनी सगळ्यांची वही बांधली होती, एकेकाचं एकेक कडवं. माझ्या चार वाक्यांत जे नव्हतं ते सगळं त्यात. गुरं राखणारा डॉक्टर, भाकरीचा तुकडा, दारवर बसलेला हॉकीवाला. लोक हसत होते, लोक रडत होते. शेवटी डफ थांबला. मला वाटलं, आता स्वतःचं कडवं. पण आबा म्हणाले, “मन्हं कडवं बाकी शे,” आणि पाणी मागितलं.

माझं नाव काही गोवलं नाही. वाट बघत होते, खोटं कशाला बोलू.

निघताना मला जवळ बोलावून म्हणाले, “आते खरंच मरी गऊ ना, ते कोनले सांगू नका. एकदाव व्हयी गयं. तू बी कोनं आयकू नको. सोता यी देख.” रंजनाने कपाळावर हात मारला.

७ ऑगस्ट
आबांना आता सगळीकडून बोलावणी. जिथे गंधमुक्ती तिथे आबांचं भजन. हे सांगत होते, शिंदखेड्यापासून शिरपूरपर्यंत दर फाट्यावर आबांचा फोटो. फुलांत. फ्लेक्सवाल्याकडे तोच एक फोटो, नाव बदलायचं आणि छापायचं.

फोन मात्र कमी झाले. दमत असतील.

२ नोव्हेंबर
दिवाळीनंतर फोन केला. रंजना म्हणाली, खोकला शे, पण ऐकत नाहीत, काल साक्रीकडे कार्यक्रम करून आले. “अक्का, यंदा तुम्हना दिवा लावाना व्हतीन, ते आमना आबानं नाव तठे नको बरं का.” म्हटलं, नाही गं बाई. आता नाही.

आबांशी बोलायला मिळालं नाही, झोपले होते.

२७ डिसेंबर
पुन्हा पणत्या. यंदा एक कवी, एक धावपटू, एक न्यायाधीश, वन्यप्राण्यांवर लिहिणारे एक. या खेपेला प्रत्येकाची नीट चौकशी करतेय. न्यायाधीशांना गोड भयंकर आवडायचं, हे सापडलं. आबांना सांगायला हवं. फोन लावला, नुसताच वाजला.

३० डिसेंबर
दुपारी पाटील सर घरी आले. एरवी कधी येत नाहीत. बसले, पाणी प्यायले, हवेतला खडू आज नव्हता. काल इंदूरहून मोटारीने परतताना नरडाणा फाट्यावर फ्लेक्स दिसला म्हणाले. झुलाल आबांचा फोटो, फुलं, खाली गंधमुक्ती.

मी म्हटलं, सर, तो तसाच असतो, त्यांचं भजन असेल.

“मलाही तसंच वाटलं. म्हणून तर तुम्हाला विचारायला आलो.”

“कोपऱ्यात दुसरा फोटो होता का? लहान? पासपोर्टएवढा?”

“गाडी वेगात होती, सुमनताई. मोठा फोटो दिसला. कोपरा नाही बघितला.”

रंजनाचा फोन बंद. दगा भाऊंचा नंबर माझ्याकडे नाही. शिरपूरचा मेहुणा गावाला गेलेला. गेले असते तर कळवलं नसतं का? पण कोणाला सांगू नका असं बजावून ठेवलंय त्यांनी. म्हणजे कळवलं नाही यावरून काहीच कळत नाही.

सर उठताना म्हणाले, “खरंच गेले असतील तर अडचण आहे. आपल्याकडे एकदा वाचलेलं नाव परत वाचत नाहीत.” मी म्हटलं, मग यंदा त्यांच्या नावाची पणतीच नाही? सर चपला घालू लागले. फार वाईट वाटलं मला. मागच्या वर्षी जिवंत माणसासाठी लावली, आणि आता...

असतील हो. खोकला तर आहे नुसता. न्यायाधीशांचं त्यांना सांगायचं राहिलंय.

सकाळच्या पहिल्या गाडीने जायचं ठरलं, संध्याकाळी कार्यक्रमाला परत. कोणाचं ऐकायचं नाही, स्वतः जाऊन बघायचं. ह्यांनी पिशवी काढली, तिच्यात स्वेटर टाकला. मग कपाटातून तीच शाल काढून हातात धरून उभे राहिले.

“घेऊ?”

मी अजून उत्तर दिलेलं नाही. शाल खुर्चीवर ठेवलीय.